सूत स्वस्त का होत नाही? यंत्रमाग, मोठ्या कंपन्या आणि सरकारी अधिसूचना

मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात. त्याआधी आठवड्याचा हिशेब होतो. किती मीटर कापड उतरलं, किती उचल आधीच घेतली, हातात किती पडणार. कामगार मालकाकडे बघतो, मालक व्यापाऱ्याकडे बघतो आणि व्यापारी एकच उत्तर देतो, "सूत महाग झालंय भाई, दर वाढवून मिळणार नाही." हे उत्तर भिवंडीतही हेच आहे, इचलकरंजीतही हेच.

पण सूत महाग का होतं, याचं उत्तर ना व्यापाऱ्याकडे असतं ना मालकाकडे. बाजार वर-खाली होतोच, ते खरं आहे. परंतु सुताच्या भावाचा एक मोठा भाग बाजारात ठरत नाही. तो दिल्लीत निघणाऱ्या अधिसूचनांमध्ये ठरतो, आणि त्या अधिसूचना कशा निघतात, त्या कोण मागतं, हे आपल्या मोहल्ल्यात फारसं कुणाला माहीत नसतं. देशात श्रीमंत आणि गरीब यांच्यातली दरी वाढतेय असं आपण रोज वाचतो. ही दरी प्रत्यक्षात कशी खणली जाते ते पाहायचं असेल तर पॉलिएस्टरच्या धाग्याइतकं चांगलं उदाहरण क्वचितच सापडेल.

आधी दरी किती, ते पाहू

पॅरिसच्या वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबने मार्च २०२४ मध्ये भारतावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. नितीन कुमार भारती, लुकास शांसेल, थॉमस पिकेटी आणि अनमोल सोमंची हे त्याचे लेखक. त्यांच्या हिशेबाप्रमाणे २०२२-२३ मध्ये देशाच्या एकूण उत्पन्नापैकी २२.६ टक्के वाटा वरच्या एक टक्का लोकांकडे गेला आणि एकूण संपत्तीपैकी ४०.१ टक्के त्यांच्याकडे होती. खालच्या निम्म्या जनतेकडे उत्पन्नाचा १५ टक्के आणि संपत्तीचा साडेसहा टक्क्यांहूनही कमी वाटा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला वरच्या एक टक्क्याचा उत्पन्नातला वाटा सहा टक्क्यांच्या आसपास होता. म्हणजे ही दरी इंग्रजांनी सोडून दिलेली नाही, ती गेल्या चाळीस वर्षांतली आहे. लेखकांनी तर म्हटलंय की इंग्रजांच्या काळापेक्षा आज उत्पन्नाची विषमता जास्त आहे.

सरकारचा स्वतःचा आर्थिक पाहणी अहवालही वेगळं सांगत नाही. २०२४-२५ च्या पाहणीत नोंद आहे की २०२३-२४ मध्ये मोठ्या कंपन्यांचा नफा पंधरा वर्षांतल्या उच्चांकावर गेला. निफ्टी ५०० मधल्या कंपन्यांचा नफा २२.३ टक्क्यांनी वाढला, रोजगार मात्र फक्त दीड टक्क्याने. नफा असा वाढला, तर तो कशामुळे वाढला, हा प्रश्न विचारायला हवा. सगळाच काही हुशारीने आणि मेहनतीने वाढला, असं नाही.

कारखान्यापासून मागापर्यंत

पॉलिएस्टरचं मूळ कच्च्या तेलात आहे. रिफायनरीतून नाफ्था, त्यातून पॅराझायलीन, त्यातून पीटीए नावाची पांढरी पावडर. पीटीए आणि एमईजी एकत्र शिजवले की पॉलिएस्टर तयार होतं. एक किलो पॉलिएस्टरला साधारण ८६० ग्रॅम पीटीए लागतं, म्हणजे धाग्याचा भाव मुख्यतः पीटीएवर चालतो. पुढे धागा ओढला जातो, त्याला पीळ-फुगवटा दिला जातो, मग सायझिंग, बीम आणि शेवटी आपला माग. मागावरून उतरलेलं ग्रे कापड रंगाई-छपाईसाठी पाली, बालोतरा, अहमदाबादकडे जातं.

या साखळीचा आकार नरसाळ्यासारखा आहे. वरच्या टोकाला भारतात पीटीए बनवणारे मोजून तीन मोठे: रिलायन्स, सरकारी इंडियन ऑइल आणि हल्दियाची एमसीपीआय. खालच्या टोकाला लाखो माग. एकट्या भिवंडी आणि मालेगावचे माग धरले तरी कित्येक लाख होतात. देशातलं निम्म्याहून अधिक कापड यंत्रमागावर विणलं जातं, आणि ते विणणारे बहुतेक जण आठ, बारा, चोवीस मागांचे मालक. त्यातले अनेक खर्चीवाले, म्हणजे सूत व्यापाऱ्याचं आणि यांनी मीटरमागे मजुरी घ्यायची.

आता हा माणूस या धंद्यात आला कसा, हेही थोडक्यात. १८५७ नंतरच्या धरपकडीत आणि दुष्काळांत उत्तर प्रदेशातल्या आझमगढ, मऊ, बनारस भागातले मोमीन विणकर दक्षिणेकडे सरकले आणि मालेगाव-भिवंडीत स्थिरावले. हातमाग गेले, यंत्रमाग आले. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा गिरण्यांचं काम मोठ्या प्रमाणात भिवंडीकडे वळलं. गिरणीवाले भिवंडीत स्वस्तात कापड विणून घेऊन त्यावर आपला शिक्का मारू लागले. गिरणी कामगाराचं नुकसान झालं आणि यंत्रमागाची भरभराट झाली, हे कटू आहे पण खरं आहे. त्याच वर्षी रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखानाही सुरू झाला. साखळीची दोन्ही टोकं अशी एकाच काळात, एकाच राज्यात वाढली. मात्र एका टोकाची उंची वाढत गेली आणि दुसऱ्याची फक्त संख्या.

अँटी-डम्पिंग ड्युटी कोण मागू शकतं?

परदेशी कंपनी आपल्या देशातल्या भावापेक्षा स्वस्तात माल भारतात ओतत असेल तर त्याला डम्पिंग म्हणतात आणि त्यावर जादा शुल्क लावता येतं. तत्त्व चुकीचं नाही. चीनने रसायनांचे आणि धाग्याचे अवाढव्य कारखाने उभारलेत, त्यांच्यापुढे आपला उद्योग टिकला पाहिजे, हे कुणीही मान्य करेल.

प्रश्न आहे तो रीतीचा. यासाठी अर्ज करायचा तो दिल्लीत संसद मार्गावरच्या जीवन तारा इमारतीत, व्यापार उपाय महासंचालनालयाकडे. अर्ज करणाऱ्या आणि त्याला पाठिंबा देणाऱ्या उत्पादकांकडे देशातल्या त्या मालाच्या किमान २५ टक्के उत्पादन असावं लागतं. ज्या मालाचे उत्पादकच तीन आहेत, तिथे ही अट एका बैठकीत पूर्ण होते. त्यांच्याकडे वकील असतात, खर्चाचे तक्ते असतात, सल्लागार असतात. माल वापरणाऱ्यालाही आपलं म्हणणं मांडता येतं, कायद्यात तशी सोय आहे. पण त्यासाठी लांबलचक प्रश्नावली भरायची, आकडेवारी द्यायची, सुनावणीला दिल्लीत हजर राहायचं. बारा मागांचा मालक हे करणार? त्याला तर अशी काही चौकशी चालू आहे हे कळतं तेच शुल्क लागू झाल्यावर, सुताचा भाव वाढल्यावर.

आणि भाव फक्त आयात मालाचाच वाढत नाही, हे नीट समजून घ्या. बाहेरून येणारी वस्तू शुल्क धरून शंभर रुपयांना पडत असेल तर देशातला उत्पादक नव्वदला का विकेल? तो अठ्ठ्याण्णव म्हणेल. शुल्क सरकारी तिजोरीत जातं ते फक्त आयात झालेल्या मालावरचं. देशात बनलेल्या मालावर तेवढाच वाढीव भाव उत्पादकाच्या खिशात जातो. म्हणूनच असं शुल्क हा कर कमी आणि खालच्याकडून वरच्याकडे केलेलं हस्तांतर जास्त असतं.

पीटीएवर असं शुल्क २०१४-१५ पासून निरनिराळ्या देशांसाठी लागत गेलं. १ फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी ते व्यापक सार्वजनिक हितासाठी रद्द केलं. कापड उद्योग मोठा रोजगार देतो आणि त्याला हा कच्चा माल स्पर्धात्मक किमतीत मिळायला हवा, असं कारण त्यांनी सभागृहात दिलं. निर्णय चांगलाच होता. पण मग मधल्या पाच वर्षांत सार्वजनिक हित कुठे होतं, असं विचारावंसं वाटतं.

व्हिस्कोसची, म्हणजे रेयॉनच्या धाग्याची कथा याहून बोलकी आहे. व्हिस्कोस स्टेपल फायबर देशात बनवणारी प्रमुख कंपनी एकच, आदित्य बिर्ला समूहाची ग्रासिम. या मालावर २०१० पासून अँटी-डम्पिंग ड्युटी होती. मार्च २०२० मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने ग्रासिमला ३०१.६१ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. बाजारातल्या वर्चस्वाचा गैरवापर करून सूतगिरण्यांना वेगवेगळे भाव लावले, असा आयोगाचा निष्कर्ष होता. कंपनीने त्याविरुद्ध अपील केलं. म्हणजे पाहा, सरकारचं एक खातं म्हणत होतं की या कंपनीची मक्तेदारी लोकांना जाचतेय, आणि त्याच वेळी दुसऱ्या खात्याचं शुल्क तिला बाहेरच्या स्पर्धेपासून वाचवत होतं. शुल्क पुढे चालू ठेवण्याची शिफारस २०२१ मध्येही झाली होती. अर्थ मंत्रालयाने ती मानली नाही आणि ऑगस्ट २०२१ मध्ये शुल्क उठलं.

दार बंद, खिडकीही बंद

शुल्क गेलं, पण लवकरच दुसरी भिंत उभी राहिली. तिचं नाव गुणवत्ता नियंत्रण आदेश, व्यापाऱ्यांच्या तोंडी 'क्यूसीओ'. २०२३ मध्ये व्हिस्कोस फायबर आणि पॉलिएस्टर धाग्याच्या प्रमुख प्रकारांना असे आदेश लागू झाले. नियम साधा दिसतो: भारतीय मानक ब्यूरोचा परवाना नसेल तर माल आयात करता येणार नाही. गुणवत्ता कुणाला नको? पण परवाना परदेशी कारखान्याने घ्यायचा, त्यासाठी ब्यूरोचे अधिकारी तिथे जाऊन तपासणी करणार, आणि हे परवाने, विशेषतः चिनी कारखान्यांना, सहजी मिळत नव्हते. परिणाम असा की शुल्क भरूनसुद्धा माल आणता येईना. शुल्क असताना निदान महाग का होईना, पर्याय तरी होता.

दोन वर्षं विणकर आणि गारमेंटवाले ओरडत राहिले. शेवटी नीती आयोगाचे सदस्य राजीव गौबा यांच्या समितीने असे अनेक आदेश मागे घ्यावेत असं सुचवलं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये पीटीए, एमईजी, पॉलिएस्टर फायबर आणि धागा यांवरचे आदेश रद्द झाले. पाठोपाठ व्हिस्कोसवरचाही गेला. दोन वर्षांत ज्यांनी माग भंगारात विकले, त्यांना मात्र यातून काही परत मिळालं नाही.

रिझर्व्ह बँकेचे माजी डेप्युटी गव्हर्नर विरल आचार्य यांनी २०२३ मध्ये एका अभ्यासात हीच गोष्ट देशाच्या पातळीवर मांडली. बिगर-वित्तीय क्षेत्रातल्या मालमत्तेत पाच बड्या उद्योगसमूहांचा वाटा १९९१ मध्ये सुमारे १० टक्के होता, तो २०२१ मध्ये १८ टक्क्यांजवळ गेला. त्यांच्या खालच्या पाच समूहांचा वाटा १८ वरून ९ टक्क्यांच्या खाली आला. म्हणजे मोठे केवळ लहानांना खाऊन मोठे झाले नाहीत, त्यांनी मध्यम मोठ्यांनाही मागे ढकललं. आयात शुल्काच्या भिंतीमुळे या समूहांना परदेशी स्पर्धेला तोंड द्यावं लागत नाही, याकडे आचार्यांनी बोट दाखवलंय.

कराची गंमत

२० सप्टेंबर २०१९ ला जीएसटी परिषदेच्या बैठकीसाठी अर्थमंत्री गोव्यात होत्या. तिथेच त्यांनी कंपनी कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणल्याची घोषणा केली. सेस-अधिभार धरून तो २५.१७ टक्के होतो. कारखानदारीतल्या नव्या कंपन्यांसाठी तर फक्त १५ टक्के. सरकारनेच सांगितलं की यातून वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचं उत्पन्न सोडावं लागेल. त्या दिवशी सेन्सेक्स १९२१ अंकांनी उसळला.

आता आपल्याकडे बघा. दोन भावांनी मिळून भागीदारीत माग टाकले असतील तर त्या भागीदारी संस्थेच्या नफ्यावर ३० टक्के कर, वर चार टक्के सेस. म्हणजे ३१.२ टक्के. त्यांना सूत पुरवणारी अब्जावधींची कंपनी २५.१७ टक्के भरते. नफा एक लाख असो की एक कोटी, भागीदारी संस्थेला स्लॅब नाही. हा फरक आपल्यातल्या अनेकांना त्यांच्या सीएनेसुद्धा कधी सांगितलेला नसतो.

२०२३-२४ मध्ये वैयक्तिक प्राप्तिकराची निव्वळ वसुली साधारण १०.४४ लाख कोटी आणि कंपनी कराची ९.११ लाख कोटी झाली. पगारदार, डॉक्टर, दुकानदार असे सगळे मिळून कंपन्यांपेक्षा जास्त भरतायत. संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला, वारशावरचा इस्टेट ड्युटी कर तर १९८५ मध्येच गेला.

जीएसटीत वेगळाच घोळ. २०१७ पासून पॉलिएस्टरच्या फायबरवर १८ टक्के, धाग्यावर १२ टक्के आणि कापडावर ५ टक्के. कच्च्या मालावर कर जास्त, पक्क्यावर कमी. त्यामुळे विणकराचे पैसे क्रेडिट म्हणून सरकारकडे अडकायचे, आणि पहिल्या वर्षी तर त्याचा परतावाही मिळत नव्हता. ज्या बड्या कंपनीकडे धागा, विणाई, प्रोसेसिंग सगळं एकाच छपराखाली आहे तिला धागा विकत घ्यावाच लागत नाही, त्यामुळे तिला हा फास बसत नव्हता. हा उलटा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून सुधारला, फायबर आणि धागा दोन्ही ५ टक्क्यांवर आले. सुधारायला आठ वर्षं लागली.

मदत कुणाला किती?

१ एप्रिल २०१७ रोजी तेव्हाच्या वस्त्रोद्योग मंत्री स्मृती इराणी भिवंडीत आल्या आणि त्यांनी 'पॉवरटेक्स इंडिया' योजना सुरू केली. देशभरातल्या यंत्रमागांसाठी तीन वर्षांत ४८७ कोटी रुपये. २०२१ मध्ये वस्त्रोद्योगासाठीच पीएलआय योजना आली, तिची रक्कम १०,६८३ कोटी रुपये. पात्र व्हायचं तर किमान १०० कोटींची गुंतवणूक, पहिल्या भागात ३०० कोटींची. ऑक्टोबर २०२५ मध्ये या अटी निम्म्यावर आणल्या, म्हणजे आता ५० कोटी आणि १५० कोटी. मालेगावात ५० कोटी गुंतवू शकणारे शेठ शोधले तर बोटांवर मोजण्याइतकेच मिळतील.

हा भेद का होतो, याचं उत्तर राजकारणाच्या पैशातही शोधावं लागतं. पूर्वी कंपनीला तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच राजकीय देणगी देता येत होती. २०१७ मध्ये ती मर्यादा काढली आणि निवडणूक रोखे आणले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही गोष्टी घटनाबाह्य ठरवल्या. तोपर्यंत सुमारे १६,५१८ कोटींचे रोखे विकले गेले होते. सर्वात मोठा वाटा सत्ताधारी भाजपला गेला, पण तृणमूल, काँग्रेस, प्रादेशिक पक्ष यांनीही घेतले. सुताच्या एखाद्या अधिसूचनेचा आणि एखाद्या रोख्याचा संबंध होता, असं इथे म्हणायचं नाही. म्हणायचं इतकंच की मंत्र्याची वेळ कुणाला मिळते आणि कुणाला नाही, हे आठ मागवाल्याला सांगायची गरज नाही.

आपल्या छपराखाली

इथे थांबलो तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. वरून दाब येतो तेव्हा मालक तो स्वतः किती सोसतो आणि खाली किती ढकलतो? यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या आजही चालतात. कामगार तुकड्यावर, म्हणजे मीटरवर राबतो. पीएफ नाही, ईएसआय नाही, हजेरीचं कार्ड नाही. कायद्याच्या कक्षेबाहेर राहण्यासाठी एकाच शेडमधले माग घरातल्या चार नावांवर दाखवले जातात, हे मोहल्ल्यातलं उघड गुपित आहे. सूत महागलं की संघटना आठ-पंधरा दिवस माग बंद ठेवण्याचा निर्णय घेते. मालकासाठी ते आंदोलन असतं, कामगारासाठी ती बिनपगारी सक्तीची सुट्टी. मोठ्या कंपनीने आपल्याला विचारलं नाही अशी तक्रार करणारे मालक बंद पुकारताना कामगाराला विचारतात का? बिहार-युपीचा कामगार अशा वेळी गाडी पकडून गावी जातो, आणि नंतर हेच मालक कारागीर मिळत नाही म्हणून हैराण होतात.

एक कायदा मात्र लहानांच्या बाजूचा आलाय, त्याची माहिती ठेवायला हवी. १ एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकर कायद्याच्या कलम ४३बी (एच) नुसार नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. नाही दिले तर खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च करातून वजा करता येत नाही. कापड बाजारात तीन-चार महिन्यांची उधारी ही रीतच. त्यामुळे काही व्यापाऱ्यांनी उलटा मार्ग काढला: उद्यम नोंदणी असलेल्याकडून माल घ्यायचाच नाही, किंवा नोंदणी रद्द करायला सांगायचं. एकटा मालक अशा वेळी झुकतो, कारण त्याचं कापड गोदामात पडून असतं. गल्लीतल्या सगळ्यांची नोंदणी असेल तर व्यापारी जाणार कुठे? नोंदणी उद्यम पोर्टलवर आधार आणि पॅनवर होते, ती मोफत आहे, एजंटला त्यासाठी पैसे द्यायची गरज नाही.

आणि जीवन तारा इमारतीतल्या चौकशांबद्दल: प्रत्येक नवी चौकशी सुरू झाल्याची सूचना महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर आणि राजपत्रात प्रसिद्ध होते, त्यात म्हणणं मांडायची मुदत दिलेली असते. यंत्रमागधारकांच्या संघटनांकडे वर्गणी जमते, इमारती आहेत, दरवर्षी निवडणुकांचा जोर असतो. ती सूचना नियमित वाचणारा एक पगारी माणूस मात्र फार थोड्या संघटनांकडे असेल.